छाती टेकवा, श्वास रोखा

माझा नवरा अलीकडे मला मान देऊ लागला आहे. ही माझी तक्रार आहे, आणि ज्याला तिचं हसू येईल त्याने माझ्या खिडकीवर पास्ते मागायला येऊ नये.

सकाळी मी ओट्याशी पास्तेची पारी लाटत होते; पास्ते म्हणजे आमच्याकडची भट्टीत भाजलेली तिखटाची करंजी. हा मागे येऊन उभा राहिला. अंगात कोट, पायात एकच मोजा.

"बाई, जरा पुढे या," म्हणाला. "घाबरू नका."

"घाबरते माझी चप्पल. दुसरा मोजा कुठाय?"

"हात कमरेवर ठेवा. खांदे पुढे घ्या."

"एवोदिओ, मला तू म्हण."

तो माझ्याकडे बघत राहिला. दवाखान्यात एखादी खेड्यातली बाई पोलक्याची बटणं काढायला लाजली, की तो असाच नम्र चेहरा करून भिंतीकडे बघायचा. तोच चेहरा आता माझ्यासमोर, माझ्याच स्वयंपाकघरात. "लाजू नका, बाई," तो म्हणाला. "पटकन होतं."

उभ्या संसारात हा माणूस मला 'काळे' म्हणत आला. काळे, कॉफी दे. काळे, तोंड मिट. काळे, जवळ ये. मी त्याला 'हाडक्या' म्हणायचे, कारण जन्मभर त्याने लोकांची हाडंच बघितली. आमच्या रेआल दे सान हिलमध्ये, मेक्सिकोतल्या या खाणीच्या गावात, कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. सगळे एकाच लोखंडी पिंजऱ्यातून खाणीत उतरायचे, आणि आले तर त्याच पिंजऱ्यातून वर यायचे. तिथे कसलं आलंय अहो. गावात मान तिघांनाच: पाद्र्याला, डॉक्टरला आणि मेलेल्याला.

यातली मी कोण, ते मला त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं.

एवोदिओ कंपनीच्या दवाखान्यात छातीचे फोटो काढायचा. काम साधं होतं. माणूस उघडा करून थंडगार प्लेटसमोर उभा करायचा, आपण शिशाच्या पडद्यामागे जायचं, आणि पाच हुकूम सोडायचे. पुढे या. छाती टेकवा. श्वास रोखा. श्वास घ्या. कपडे घालून घ्या. आमच्या डोंगरावर धुकं घरात शिरतं, अशा गारठ्यात ती प्लेट छातीला लागली की माणसं त्याच्या आईचा उद्धार करायची. तोही त्यांच्या आईचा करायचा. समोरच्याचा श्वास किती वेळ अडवायचा ते कळावं म्हणून पडद्यामागे तो स्वतःचाही रोखून धरायचा. घरी आला की दमलेला असायचा. मी म्हणायचे, "बसून काम तुझं, आणि धापा कसल्या टाकतोस?" तो म्हणायचा, "आज चाळीस माणसांचा श्वास रोखला, काळे."

ड्रिल चालवणारे सगळे ठार बहिरे. त्यांना हुकूम ऐकू यायचे नाहीत. 'श्वास रोखा' म्हटलं की ते "काय?" म्हणून ओरडायचे आणि फोटो वाया जायचा. म्हणून एवोदिओने लाकडाच्या पाच पाट्या केल्या, पांढऱ्या रंगावर काळी अक्षरं, आणि पडद्याच्या छोट्या खिडकीतून एकेक दाखवायला लागला. पहिल्या दिवशी तरुण डॉक्टरने एक पाटी वाचली आणि खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. टेकव म्हणजे आमच्या स्पॅनिशमध्ये 'पेगा', टेकवा म्हणजे 'पेगे'. याने जसं ऐकलं तसं लिहिलं. पण तसं लिहिलं की ग चा उच्चार ह होतो म्हणे, आणि पाटी म्हणत होती 'छाती पेहे'. डॉक्टर आठवडाभर येता-जाता त्याला "काय पेहे?" म्हणत राहिला.

हाडक्याला ते लागलं. तो पाट्या घेऊन शाळेच्या बाईंकडे गेला, आणि शिकवणीबद्दल माझ्याकडच्या डझनभर पास्ते नेऊन दिल्या, मला न विचारता. बाईंनी त्याला समजावून सांगितलं, आणि त्याने घरी येऊन मला. आपल्या माणसाला हुकूम करताना अक्षर आहे तसं राहतं. परक्याला मान देऊन सांगायचं असेल, नाहीतर कुणालाही 'नको' म्हणायचं असेल, तर मध्ये एक 'उ' घालावा लागतो. तो 'उ' बोलायचा नाही. नुसता उभा असतो. 'पुढे या'च्या पाटीत तर आहे ते अक्षर हाकलून दुसरंच आणावं लागलं.

मी दोन इयत्ता शिकले, तिसरीत बाबांनी मला खाणीबाहेर पास्ते विकायच्या खिडकीवर बसवलं. पण हे मला एका झटक्यात समजलं. मान द्यायचा, तर मध्ये कुणीतरी मुका उभा करायचा.

"बरोबर," हाडक्या म्हणाला. "तू शाळेत असायला हवी होतीस."

"तू पास्ते चोरून मास्तरणीला द्यायला नको होत्यास," मी म्हटलं.

त्या पाट्या अजून घरात आहेत. खाण बंद झाली, दवाखान्याला कुलूप लागलं, तेव्हा त्याने आपली एवढीच कमाई घरी आणली. मी त्यांची झाकणं केली. मैद्याच्या पिंपावर 'श्वास रोखा' आहे. ते झाकण उघडताना तेच करावं लागतं.

*

गावाला एवोदिओकडून जे कळायचं, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

पहिला फोटो वाईट आला, म्हणजे छातीत खाणीची धूळ साचलेली दिसली, की डॉक्टर माणसाला पुन्हा बोलवायचा. कारण एकच सांगायचं: मशीन बिघडलं होतं. छातीत काय दिसलं ते एवोदिओने बोलायचं नाही, बोलला तर नोकरी गेली. तो बोललाही नाही कधी, पाद्र्याजवळही नाही. पण फोटो धुणारा तोच. काचेमागच्या उजेडात त्याने ती छाती बघितलेली असायची. मग माणूस दुसऱ्यांदा आला, की ज्याला पहिल्या वेळी "ये रे गाढवा, टेकव तुझी बोकडाची छाती" म्हणाला होता, त्यालाच तो म्हणायचा, "या. छाती टेकवा. श्वास रोखा."

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण गाव लहान आणि मयतं पुष्कळ. लवकरच खाणकामगार फोटो काढून बाहेर आला की दारातले सोबती एवढंच विचारायचे, "तू, का तुम्ही?" तू असेल तर सगळे दारू प्यायला जायचे. तुम्ही असेल तर टोप्या काढायचे. बहिऱ्या ड्रिलवाल्यांना पाटीवरून पहिल्या दिवसापासून मानच मिळायचा. त्यांच्यात तसंही कुणी उरत नसे.

माझा धाकटा भाऊ निकान्द्रो लाकडाचे टेकू लावायचा खाणीत. त्याचे कान शाबूत होते. एक दिवस दुपारीच माझ्याकडे आला, खुर्चीत बसला आणि कॉफी मागितली. मी दिली. त्याने ती ढवळली, ढवळतच राहिला.

"ताई, साखर कुठाय?"

"घातलीये. ढवळतोयस काय मग?"

"ताई," तो म्हणाला, "एवोदिओने आज मला अहो केलं."

मी म्हटलं, "त्याची थट्टा असेल."

"छे. दोनदा केलं. आणि शर्ट हातात दिला माझा." मग म्हणाला, "चांगला माणूस आहे. तू भांडू नकोस त्याच्याशी."

मी भांडले. एवोदिओ दारातून आत आला तशी गरम पास्ते त्याच्या अंगावर फेकली. "काय बघितलंस? सांग, काय बघितलंस माझ्या भावाच्या छातीत?" तो खाली वाकला, ती पास्ते उचलली, फुंकर मारून धूळ झटकली आणि उभ्याउभ्या खाल्ली. "मशीन बिघडलं होतं, काळे," तो म्हणाला. त्यानंतरच्या तिसऱ्या नोव्हेंबरात मृतांच्या सणाला मी निकान्द्रोचा फोटो घरातल्या वेदीवर ठेवला, हसरा, केस पाण्याने चोपलेले. त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला. साखर वेगळी ठेवली, दिसेल अशी.

म्हणून यंदा फेब्रुवारीत कँडलमासच्या सणाच्या सुमाराला एवोदिओ टेबलाशी मक्याच्या पिठाचे तामाले खाता खाता मान वर करून मला म्हणाला, "बाई, तुमच्या हाताला चव आहे," तेव्हा माझ्या हातातला डाव खाली पडला.

*

माझी मुलगी आदेलाइदा खाली पाचुका शहरात विमा कचेरीत आहे. ती म्हणते, विसरण्याचा आजार आहे. ती तेव्हापासून दर रविवारी येते, बाबांची नखं कापते आणि मला अक्कल शिकवते. तो तिलाही तुम्हीच म्हणतो, पण तिला त्याचं काही नाही. ती कधीच गाव सोडून गेली.

"आई, तो सगळ्यांनाच तसं म्हणतो. ओळख राहिलेली नाही त्याला."

"शेजारच्या कुत्र्याला अहो म्हणतो का? नाही. त्याला 'हाड' म्हणतो. म्हणजे कुणाला काय म्हणायचं ते त्याला कळतं."

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

थंडीपासून मला खोकला होता. लहानपणी बाबांचे आणि निकान्द्रोचे खाणीतले कपडे मीच धुवायचे. धुण्याआधी अंगणात झटकायचे, आणि दगडाची पांढरी धूळ उडायची, मैद्यासारखी. अशा कपडे झटकणाऱ्या बायकाही आमच्याकडे त्या धुळीने गेल्या आहेत. माझं म्हणणं सरळ होतं. हाडक्याला माझ्यात काहीतरी दिसलं होतं. जन्मभर उघड्या छातीच्या आत बघणाऱ्याला पोलक्याच्या आतलं दिसायला यंत्र कशाला हवं? तो मला विसरला नव्हता. तो मला सांगत होता, जसं त्याला सांगता येतं तसं.

मरणाची मला भीती नाही. मला ओळखत नसलेल्या माणसाला जेवू घालायची आहे.

मग एका रविवारी व्हायचं ते झालं. शहरातून फिरायला आलेली मंडळी खिडकीपाशी उभी होती. मी आत भट्टीशी. एवोदिओ बाहेर गेला, आणि रांगेतल्या एका गोऱ्यागोमट्या बाईला म्हणाला, "बाई, कमरेपर्यंतचे कपडे काढा. छाती टेकवा." आणि तिचा खांदा धरून तिला भिंतीकडे वळवायला लागला, हलक्या हाताने, जसं वळवायचा तसं. तिच्या नवऱ्याने याला ढकललं. हा पडला. कपाळ फुटलं. पडल्या जागेवरून तो त्या नवऱ्याला म्हणाला, "तुम्ही नंतर. रांगेत या."

आदेलाइदाने पट्टी बांधली, आणि माझ्यासमोर बसली.

"पाचुकात नन्सच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीये. मी नाव घातलंय."

"कुणाचं? तुझं?"

"आई, पुढच्या वेळी तो नवरा सुरा काढेल. नाहीतर बाबा धुक्यात जाऊन जुन्या खाणीच्या तोंडात पडेल. तू किती डोळ्यांनी बघणार?"

"तो मला ओळखतो."

"नाही ओळखत!"

"ओळखतो. माझ्या छातीत काहीतरी आहे, आणि त्याने ते बघितलंय. म्हणून मान देतो."

आदेलाइदा कपाळाला हात लावून बसली. लहानपणी तिनेही दवाखान्याच्या दारातलं ते 'तू का तुम्ही' ऐकलं होतं. ती म्हणाली, "मग चल. तुझा फोटो काढू."

"आणि निघालं तर?"

"तर... तर बाबा इथेच राहील. मी येऊन राहीन इथे. पण काही निघालं नाही, तर पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन जाणार, आणि तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"कबूल," मी म्हटलं. मी जिंकणार होते. खोकून दाखवलं तिला.

*

पाचुकाच्या दवाखान्यात एक पोरगी च्युइंगम चघळत माणसं पुढे ढकलत होती. "पुढे या छाती टेकवा श्वास रोखा घ्या पुढचे," असं एका दमात, भाजी विकल्यासारखं. लहान-मोठ्या सगळ्यांना तुम्ही. मान असा फुकट वाटायचा नसतो, पण तिला कोण सांगणार. मी प्लेटला छाती लावली. गार होती. एवढी वर्षं त्याच्याबरोबर काढली, पण ती प्लेट मला पहिल्यांदाच लागत होती. तेव्हा मला त्याची फार आठवण आली, आणि तो तर घरीच होता, शेजारणीजवळ बसवून आले होते.

डॉक्टरने फोटो उजेडावर धरला. आदेलाइदाने माझा हात धरला.

"आजी, तुम्ही रेआल दे सान हिलच्या? वाटत नाही. छाती अगदी स्वच्छ आहे."

"नीट बघा," मी म्हटलं.

"बघितलं."

"खाली कोपऱ्यात बघा. तिथे सुरुवात होते."

"तिथेही काही नाही."

"मग मशीन बिघडलं असेल. पुन्हा काढा."

डॉक्टर आदेलाइदाकडे बघायला लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं, मूर्ख मुलगी. "खोकला भट्टीच्या धुराचा आहे," तो म्हणाला. "खिडकी उघडी ठेवत जा. तुम्ही शंभर वर्षं जगाल."

त्याला वाटलं तो मला काहीतरी देतोय.

चढणीच्या रस्त्याला आदेलाइदाने गाडी हळू चालवली. धुकं होतं. ती जिंकली होती आणि तिला ते बोलवत नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी म्हणाली, "आई, तुला वाटलं तर आपण अजून थोडे दिवस..."

"कबूल केलं म्हणजे केलं. मी काय नगरपालिका आहे शब्द फिरवायला?"

*

तो आठवडा मी त्याला रोज त्याच्या आवडीचं करून घातलं आणि रोज त्याने आभार मानले. रोज संध्याकाळ व्हायला लागली की तो टोपी शोधायचा. "बाई, उशीर झाला. मी निघतो." मी म्हणायचे, "बस की अजून." तो आदबीने बसायचा, खुर्चीच्या कडेवर, परक्या घरी बसतात तसा. परक्या घरात माणूस झोपत नाही. तो झोपत नव्हता, वाळत चालला होता, आणि माझ्या घरात त्याला स्वतःच्या घराची ओढ लागली होती. ती ओढ मी कशी भागवणार होते? त्याच्या लेखी मी त्या घरातली नव्हतेच.

शनिवारी दुपारी मी पास्तेच्या कडांना मुरड घालत होते. तो समोर बसून माझी बोटं बघत होता.

"माझी बायकोही अशीच मुरड घालते," तो म्हणाला.

मी हात थांबवले नाहीत. "कशी आहे तुमची बायको?" मीही त्याला तुम्ही म्हटलं, हे लक्षात येऊन मी जीभ चावली. "कशी आहे रे तुझी बायको?"

"काळी आहे." त्याने विचार केला. "तोंडाळ आहे. गावात तिच्या तोंडी कुणी लागत नाही."

"मग कशाला केलीस?"

"मला हाडक्या म्हणते," तो म्हणाला, आणि हसला. किती दिवसांनी हसला. मग पुढे वाकून, हळूच, जणू आत डॉक्टर बसलाय, असं म्हणाला, "गावात सगळ्यांचे फोटो काढले मी. बायकांचेही. हिचा नाही काढला. ती म्हणायची, माझाही काढ. मी म्हणायचो, मशीन बिघडलंय."

"का?"

"दिसलं असतं काही, तर?" त्याने हात पसरले. "तिला तुम्ही म्हणावं लागलं असतं. माझ्याच्याने झालं नसतं."

मी पास्ते भट्टीत सारल्या. भट्टीचं दार उघडलं की डोळ्यांत धूर जातो. त्यात विशेष काही नाही.

"बाई," मागून तो म्हणाला, "मी निघतो आता. ती वाट बघत असेल. चिडते."

*

रविवारी आदेलाइदा लवकर आली. गाडी दारात उभी केली आणि पिशवी न्यायला आत आली. मी त्याला कोट घातला होता, दोन्ही मोजे घातले होते, बटणं लावायची राहिली होती. तिने पिशवी उचलली आणि बाहेर गेली. शहाणी झाली आहे.

तो स्वयंपाकघराच्या मध्यावर उभा होता. मैद्याच्या पिंपावरचं झाकण त्याने उचललं होतं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, अक्षरं माझ्याकडे करून. कोटावर सगळा मैदा.

"बाई," तो म्हणाला, "पुढे या."

इतके दिवस मी एकदाही त्याचं ऐकलं नव्हतं. दर वेळी म्हटलं होतं, मला तू म्हण. आता कुणाला सांगायचं?

मी पुढे गेले.

"छाती टेकवा."

समोर फ्रिज होता. मी त्याच्या दाराला छाती लावली. हात कमरेवर, खांदे पुढे, हनुवटी वर. पत्रा थंड होता. मागे त्याची पावलं पडद्याकडे गेली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामधल्या त्या फुलाफुलांच्या पडद्याकडे. पडदा सरकला.

"श्वास रोखा," आतून आवाज आला. खणखणीत. त्या आवाजाने बहिरे सोडून सगळं गाव थांबायचं.

मी रोखला.

फ्रिजची घरघर ऐकू येत होती. बाहेर आदेलाइदाने गाडीचं मागचं झाकण लावलं. मी वाट बघत होते. पुढचा हुकूम यायचा होता. माझ्या कानांत रक्त वाजायला लागलं, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. मी अजून वाट बघितली, कारण तो सांगेल तेव्हाच सोडायचा असतो. निकान्द्रोनेही तसंच केलं असेल.

आवाज आला नाही. माझी स्वच्छ छाती आपणहून फुटली, आणि मी फ्रिजला धरून श्वास घेतला.

मग मला आठवलं, आणि मी पडदा ओढला.

तो भिंतीला तोंड करून उभा होता. पाटी हातात. गाल फुगलेले, तोंड लाल, मानेच्या शिरा ताठ. डोळे माझ्याकडे वळले. त्याने माझ्याबरोबर श्वास रोखला होता, जसा सगळ्यांबरोबर रोखायचा, आणि पुढचा शब्द त्याला सापडत नव्हता. तो डोळ्यांनी मागत होता, आणि कुणाजवळ मागतोय ते त्याला माहीत नव्हतं. परक्या बाईने सांगितलं तर चालणार होतं. हाडक्या म्हटलं असतं, तर त्याला कळलं नसतं मी कुणाला हाक मारते आहे.

मी त्याच्या हातातून पाटी काढून घेतली. कोटावरचा मैदा झटकला. वरपासून खालपर्यंत बटणं लावली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून, त्या घरात मी आपणहून त्याला कधी बोलले नव्हते तसं, सावकाश म्हटलं:

"श्वास घ्या, अहो. झालं तुमचं. कपडे घातलेत, आता निघा."